नाण्यांची उलटतपासणी



कामगार-संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून ब्रिटिश साम्राज्यातल्या दुर्मिळ नाण्यांविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. हा छंद सुखवस्तू माणसांचा, अशीच आमचीही पूर्वी समजूत होती. ती बदलली एका चहाच्या डब्यामुळे. आमचे एक चुलते बोटीवर खलाशी होते. ते वारले तेव्हा त्यांच्या सामानात एक डबा निघाला आणि डब्यात देशोदेशीची तांब्याची, काशाची चिल्लर. घरच्यांनी ती आमच्याकडे सरकवली आणि म्हटले, "तुला वाचायची हौस आहे, तूच काय ते बघ." शाळा आमची लवकर सुटली, पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. त्या डब्याने मात्र आम्हांला उतारवयात पुन्हा विद्यार्थी केले.

पण आजचा विषय निवडण्याचे कारण डबा नव्हे. कारण दुसरेच आहे. काही वर्षांपूर्वी एका गिरणी-कामगाराची वृद्ध पत्नी आमच्या कचेरीत आली. तिने रुमालाची गाठ सोडून चांदीचा एक रुपया टेबलावर ठेवला. म्हणाली, "भाऊ, हा डुकराचा रुपया आहे. याचे लाखो रुपये येतात. फोनवर बोलणे झाले आहे. बँकेचा माणूस आहे तो, मोठ्या बँकेचा. नोंदणीचे साडेसहा हजार भरले, आता आणखी बारा हजार टॅक्स मागतो आहे. युनियनकडून उसने मिळतील का?"

आम्ही नाणे हातात घेतले, तारीख वाचली आणि काय बोलावे ते सुचेना. त्या रुपयाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. परंतु आम्ही आज जे सांगणार आहोत ते मावशींना आधी कोणी सांगितले असते, तर त्यांचे साडेसहा हजार वाचले असते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट १९२१ मध्ये नव्हे, अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून बजावले आहे की, बँक असल्या जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात पडत नाही, त्यासाठी कसलीही फी घेत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. पत्रक निघाले, ते मावशींपर्यंत पोचले नाही.

असो. आता मूळ विषयाकडे वळू.

संग्राहक ज्याला नाण्याचा ‘प्रकार’ म्हणतात तो म्हणजे काय? एकाच राजाचे, एकाच सालचे, एकाच किमतीचे नाणे. पण त्यात एखादा बारीक फरक. कुठे तारखेजवळ जास्तीचे अक्षर, कुठे काठावरच्या दातांऐवजी मणी, कुठे एका आकड्यावर दुसरा आकडा ठोकलेला. हे फरक का पडतात, ते कळायला टांकसाळ हा एक कारखाना आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. आधी कलावंत चित्र घडवतो. त्यावरून पोलादी मूळ ठसा तयार होतो. मूळ ठशावरून कामाचे ठसे काढतात. दोन ठशांच्या मध्ये कोरी चकती ठेवून यंत्राने दाब दिला की नाणे तयार. ठसा लाखभर चकत्या छापता-छापता झिजतो, तडकतो, भरून येतो. मग नवा ठसा बसवतात. नव्या ठशात किंचित फरक असला, की नवा प्रकार जन्माला येतो.

यातून पहिली कसोटी मिळते, आणि ती कोणालाही वापरता येते. ठसा तडकला तर त्या भेगेत धातू घुसतो, म्हणून नाण्यावर उंच उठलेली रेघ उमटते. नाणे रस्त्यावर घासले, कोणी चाकूने ओरखडले, तर रेघ खोल जाते. उंच रेघ कारखान्यातली, खोल रेघ बाजारातली. ठशात तेल-घाण भरली तर अक्षर अर्धवट उमटते. ही सारी कारखान्याची लक्षणे. परंतु नाणे ठेचून वाकडे झाले, त्याला भोक पडले, रंग काळा-निळा झाला, तर ती बाजारात झालेली इजा आहे. अशा इजेलाच ‘टांकसाळीची दुर्मिळ चूक’ म्हणून विकणारे लोक आहेत. तेव्हा कोणी नाणे दाखवले की आधी विचारावे : हा फरक कारखान्याच्या दाराच्या आत पडला, की बाहेर?

इंग्लंडमध्ये १८६० साली घडले ते पाहण्यासारखे आहे. त्या साली जड तांब्याच्या पेनीऐवजी काशाची हलकी, पातळ पेनी काढायचे ठरले. पंच्याण्णव भाग तांबे, चार भाग कथील, एक भाग जस्त. देशभरची जुनी नाणी बदलायची, म्हणजे काम अफाट. लंडनच्या टांकसाळीला ते पेलेना, म्हणून बर्मिंगहॅमच्या खासगी कारखान्यांनाही काम दिले. नवे ठसे टिकेनात. काठावर आधी मणी होते, ते बदलून दात केले. घाईत मण्यांचा एक ठसा आणि दातांचा दुसरा, अशीही जोडी लागली. शिवाय त्याच साली जुन्या तांब्याच्या काही पेन्या निघाल्या, त्यांत ५९ च्या आकड्यावर ६० ठोकलेले दिसते. पोलादाचा ठसा महाग, तो फेकून कसा द्यायचा? गिरणीत जुन्या सुट्या भागावर नवा भाग ठोकून काम भागवणारे आमच्यातले फिटर हे लगेच ओळखतील. १८६० आणि १८६१ च्या पेन्यांचे जे इतके प्रकार सापडतात, ते एका ओढग्रस्त कारखान्याचे रोजनिशीतले उतारे आहेत. पेक नावाच्या अभ्यासकाने १९६० साली ब्रिटिश म्युझियममधल्या तांब्या-काशाच्या नाण्यांची मोठी सूची छापली. पुढे १९७० मध्ये फ्रीमन यांनी काशाच्या नाण्यांच्या ठशांना क्रमांक लावून दिले. आजही संग्राहक त्या क्रमांकांनीच बोलतात.

आम्हांला सगळ्यांत जवळची वाटते ती १८६४ ते १८७९ या काळातली शिलिंगे. त्यांच्यावर तारखेच्या वर एक बारीक आकडा असतो. तो ठशाचा क्रमांक. कोणता ठसा किती टिकतो, याची नोंद ठेवण्यासाठी तो घातला होता. आमच्या कामगारांना गेटवर पितळी बिल्ला मिळे, त्यावर नंबर असे. नावाने कोणी हाक मारीत नसे. त्या शिलिंगावरचा आकडा पाहिला की आम्हांला तो बिल्ला आठवतो. ठशाला नंबर मिळाला, म्हणून आज त्याचा इतिहास लिहिता येतो. तो ठसा यंत्रात बसवणाऱ्याचे नाव मात्र नाण्यावर नाही.

आता आमच्या चुलत्यांच्या डब्याकडे येऊ. त्यात १९४२ सालची एक ऑस्ट्रेलियन पेनी होती. तिच्यावर राजाच्या डोक्याखाली एक बारीक उभी रेघ. आधी आम्ही ती ओरखडाच समजलो. पण भिंगातून पाहिले तो रेघ उंच! म्हणजे ती ठशातच होती. एका घड्याळजीकडून आणलेले ते भिंग, त्याने आमचे डोळे उघडले. वाचनालयात सूची चाळल्यावर उलगडा झाला. ती रेघ म्हणजे रोमन लिपीतले ‘आय्’ हे अक्षर, ‘इंडिया’चे आद्याक्षर. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या पेन्या आणि अर्ध्या पेन्या १९४२ आणि १९४३ साली आपल्या मुंबईच्या टांकसाळीत छापल्या गेल्या होत्या. फोर्टातल्या ज्या इमारतीवरून आम्ही मोर्चे नेले, तिथे घडलेली पेनी समुद्रापार गेली आणि एका कोकणी खलाशाच्या खिशातून परत घरी आली.

पण इथेच सावध राहिले पाहिजे. ‘आय्’ दिसला की मुंबई, असे आम्ही ठरवून टाकले, आणि तोंडघशी पडलो. पहिल्या महायुद्धातही ऑस्ट्रेलियाची तांबडी नाणी हिंदुस्थानात छापली गेली, १९१६ ते १९१८ या तीन वर्षांत. त्यांवरही ‘आय्’च आहे. परंतु ती छापली कलकत्त्याच्या टांकसाळीने. पुढे १९१८ मध्ये मुंबईत लंडनच्या शाही टांकसाळीची शाखा काही महिने चालली, आणि तिथे सुमारे तेरा लाख सोन्याचे सॉव्हरिन निघाले. त्यांवरही तारखेच्या वर जमिनीच्या पट्टीत ‘आय्’. एकच उभी रेघ. एकदा तिचा अर्थ कलकत्ता, दोनदा मुंबई. आणि आपल्या देशातल्या रुपयाचे पाहावे, तर पाचव्या जॉर्जच्या वेळी मुंबईच्या रुपयावर फक्त एक बारीकसे टिंब, आणि कलकत्त्याच्या रुपयावर काहीच नाही! तात्पर्य, खूण एकटी बोलत नाही. खुणेला साल, धातू आणि टांकसाळीचे दप्तर यांची साक्ष जोडावी लागते. कामगार-न्यायालयात एका कागदावर खटला जिंकता येत नाही, तसेच हे.

कलकत्त्याच्या त्या कामात १९१६ साली एक विलक्षण गोष्ट घडली. त्या टांकसाळीत एकीकडे ऑस्ट्रेलियाची अर्धी पेनी छापली जात होती, दुसरीकडे आपला पाव आणा. अर्ध्या पेनीचा व्यास साडेपंचवीस मिलिमीटर, पाव आण्याचा जवळजवळ तेवढाच. दोन्हींवर मुकुटधारी पाचवा जॉर्ज, झगा पांघरलेला, डावीकडे तोंड केलेला. फरक अक्षरांचा : ऑस्ट्रेलियाच्या नाण्यावर राजाच्या पदव्या लॅटिनमध्ये, आपल्या नाण्यावर इंग्रजीत. कोणीतरी यंत्रात पाव आण्याचा राजा आणि अर्ध्या पेनीची मागची बाजू अशी जोडी बसवली. नाणी छापली गेली, पेटीत भरली गेली आणि ऑस्ट्रेलियाला रवाना झाली. तिथे जवळजवळ पन्नास वर्षे ती कोणाच्या लक्षात आली नाहीत. आज अशी नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ठाऊक आहेत. दोन भिन्न नाण्यांच्या ठशांच्या अशा संकराला इंग्रज संग्राहक ‘खेचर’ म्हणतात.

आम्ही त्या ठसे बसवणाऱ्या माणसाचा पुष्कळदा विचार करतो. युद्धाचे दिवस, दुप्पट काम, समोर दोन जवळजवळ सारखे पोलादी गोल, आणि ठशावरची अक्षरे उलटी. त्याची ही चूक आज मोठमोठ्या लिलावांत मिरवते. त्या दिवशी लक्षात आली असती, तर त्याचा पगार कापला गेला असता.

आता संशोधन करायचे कसे ते सांगतो. यात गूढ काही नाही.

पहिली गोष्ट, नाणे घासू नये. आपल्याकडे जुने नाणे मिळाले की चिंच लावून, राखेने लख्ख करण्याची पद्धत आहे. तिने पुरावाच पुसला जातो. नाणे कडेला धरावे, तिरप्या उजेडात फिरवावे.

दुसरी गोष्ट, वजन. सोनाराकडचा बारीक काटा पुरतो. चांदीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, काशाच्या पेनीचे ९.४५ ग्रॅम. झिजलेले नाणे थोडे कमी भरेल. पण फार कमी किंवा जास्त भरले, तर पुढे बोलणेच नको.

तिसरी गोष्ट, तुलना. एका नाण्यावरून काही ठरत नाही. त्याच सालची दहा साधी नाणी शेजारी मांडावीत. अक्षराचे टोक काठावरच्या दातासमोर येते की दोन दातांच्या फटीसमोर, हे पाहावे. ठसा वेगळा असेल तर ही जुळणी बदलते. १८४० सालच्या कंपनी सरकारच्या रुपयांत तर मागच्या बाजूच्या माळेतली फळे मोजावी लागतात, अठ्ठावीस की पस्तीस. मोजण्याचा कंटाळा करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

चौथी गोष्ट, कागद. टांकसाळीचे अहवाल सांगतात की अमुक वर्षी अमुक लाख नाणी निघाली. पण ही संख्या त्या वर्षात केलेल्या कामाची असते, नाण्यावर छापलेल्या सालाची असेलच असे नाही. याचे ठळक उदाहरण व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया. त्यावरचे साल तसेच गोठवून ठेवले होते. १८७४ मध्ये खरे साल पुन्हा येईपर्यंत रुपयावर १८६२ च छापत राहिले. मुंबईच्या या रुपयांवर मात्र काही टिंबे दिसतात, काही तारखेच्या खाली, काही नक्षीच्या वरच्या भागात. ही टिंबे म्हणजे छपाईचे खरे साल सांगणारी खूण, असे अभ्यासक मानतात. मेजर फ्रेड प्रिडमोर यांनी ब्रिटिश राष्ट्रकुटुंबातल्या नाण्यांवर १९६० पासून ग्रंथ काढले. हिंदुस्थानाचे दोन खंड १९७५ आणि १९८० मध्ये आले. नाणे आणि दप्तर शेजारी ठेवून वाचायचे कसे, ते त्यांच्याकडून शिकावे.

पाचवी गोष्ट, दुर्मिळ आणि महाग हे एक नव्हे. १९३३ साली इंग्लंडमध्ये पेन्यांचा साठा मुबलक होता, म्हणून चलनासाठी त्या छापल्याच नाहीत. इमारतींच्या पायात ठेवायला आणि संग्रहालयांना द्यायला मोजक्याच निघाल्या. सात ठाऊक आहेत. १९७० मध्ये लीड्स इथल्या एका चर्चच्या पायातून त्यांतली एक चोरांनी काढून नेली, इतका तिचा लौकिक! उलट २००८ मध्ये इंग्लंडात वीस पेन्सच्या नाण्यावरची तारीख मागून पुढे हलवताना जुना पुढचा ठसा आणि नवा मागचा ठसा जोडले गेले, आणि तारीखच नसलेली नाणी बाहेर पडली. केवढा गवगवा झाला! परंतु टांकसाळीच्याच अंदाजाने ती पन्नास हजार ते दोन लाख होती. किंमत माणसाच्या हव्यासावर चढते-उतरते. संख्या तशी हलत नाही. म्हणून संख्या आधी विचारावी.

सहावी गोष्ट आमच्या स्वतःच्या फजितीची आहे. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया फार दुर्मिळ; पुढच्याच साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली, आणि १९३९ चे फार थोडे रुपये लोकांच्या हाती राहिले. असा एक रुपया आम्हांला एका बाजारात स्वस्तात मिळाला, आणि दोन महिने आम्ही भेटेल त्याला तो दाखवीत होतो. मग एका रात्री तो १९३८ च्या रुपयाशेजारी ठेवून भिंगातून पाहिला. नऊचे पोट डावीकडे खरवडलेले होते. आठाच्या खालच्या वाटोळ्याची एक बाजू कापून त्याचा नऊ केला होता, आणि भोवतालची जमीन किंचित खोल व चकचकीत झाली होती. वजन बरोबर, चांदी बरोबर, नाणे खरे. फक्त एक आकडा खोटा. तो रुपया आम्ही फेकला नाही. टेबलाच्या खणात ठेवला आहे, कारण आमच्या शंका तेव्हा कुठे झोपल्या होत्या याची तो आठवण देतो. आम्हांला तो खरा असायला हवा होता, म्हणून आम्ही तपासला नाही. फसवणारा आपल्या अज्ञानाइतकाच आपल्या इच्छेवरही जगतो.

आता मावशींच्या रुपयाकडे येऊ. डुकराचा रुपया म्हणजे काय, तर १९११ साली पाचव्या जॉर्जचा पहिला रुपया निघाला. राजाच्या झग्यावर एका साखळीत हत्तीचे बारीक चित्र होते. त्याची सोंड इतकी आखूड उमटली, की लोकांना तो डुक्कर वाटला. धर्मभावना दुखावल्याची ओरड झाली. सुमारे चौऱ्याण्णव लाख रुपये छापले होते, त्यांतले सात लाखांच्या आसपास लोकांत गेले. उरलेले सरकारने वितळवले. १९१२ पासून हत्तीला नीट सोंड मिळाली. म्हणजे डुकराचा रुपया फक्त १९११ चाच, आणि तोही लाखोंनी बाहेर पडलेला. मावशींच्या रुपयावर साल होते १९१९.

आम्ही भिंग त्यांच्या हाती दिले. म्हटले, "मावशी, राजाच्या छातीवर बघा. काय दिसते?"

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हत्ती आहे. सोंड खाली सोडलेली आहे." आणि थोड्या वेळाने, "मग फोनवाल्याला हे ठाऊक नव्हते?"

त्याला ठाऊक होते, असे आम्ही सांगितले. त्याने नाणे पाहण्याची तसदीही घेतली नव्हती, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले. बारा हजार वाचले. साडेसहा हजारांसाठी पोलिसांत अर्ज दिला. पैसे अजून परत आलेले नाहीत. नाणे विकू का, असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही एवढेच सांगितले की, त्यात पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी आहे. त्या दिवशीचा चांदीचा भाव विचारा आणि त्यापेक्षा कमी कोणाकडून घेऊ नका. त्यांनी तो विकला नाही. लग्नात सासूने ओटीत घातलेला रुपया होता तो.

श्रोतेहो, आमची आपल्याला एकच विनंती आहे. आपल्या घरी देवघरात, फडताळात, आजीच्या बटव्यात असे एखादे नाणे असेल. आज रात्री ते बाहेर काढा. किंमत किती येईल, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. साल वाचा, वजन करा, भिंग लावा, आणि हे कुठल्या टांकसाळीत, कसे छापले गेले, ते घरातल्या मुलांना शोधायला सांगा. वाचनालयात पुस्तके आहेत. काही अडले तर युनियनच्या कचेरीत या. भिंग आमच्या टेबलावरच असते, आणि शेजारच्या खणात तो खोटा नऊही आहे.